ओलं लिटर, गिझार्डमध्ये पोत्याचे धागे आणि पाण्यात जंतू: आतड्याच्या बिघाडात कोणाचा वाटा किती?

शेड_क्रमांक_दोन

२४ दिवसांचे ब्रॉयलर आहेत. १९व्या दिवसापासून विष्ठा पातळ, त्यात खाद्याचे न पचलेले कण आणि अधूनमधून नारिंगी चिकट बुळबुळ. पाणी आणि खाद्याचं प्रमाण १.८ वरून २.३ वर गेलंय, शेडमधलं तापमान मात्र तेवढंच आहे. निपलखालचं (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांखालचं) लिटर, म्हणजे जमिनीवरचं तुसाचं अंथरूण, मुठीत दाबलं की गोळा होतो आणि फुटत नाही. मरतूक फार नाही, पण वजनं एकसारखी राहिलेली नाहीत.

पाच पक्षी उघडले. मधलं आतडं फुगलेलं, भिंत पातळ, आत फेसाळ पाणी. दोघांच्या गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात) खाद्याच्या पोत्याचे पांढरे-निळे तंतू होते, एकात शिलाईचा दोरा. पाण्याची तपासणी: टाकीच्या तोंडाशी मिलिलिटरला २०० जंतू, लाइनच्या शेवटच्या निपलला ४०,०००.

मायक्रोप्लास्टिकमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं आणि मग हानिकारक जंतू वाढतात, असं हल्ली बरंच वाचनात येतं. इथे तसंच झालं असेल का? की धागे दिसले म्हणून उगाच त्यांच्यावर आळ घेतोय? आधी काय हाताळावं?

---

विकृती_टेबल

आधी नारिंगी बुळबुळीकडे बघा, धाग्यांकडे नंतर. या वयात मधल्या आतड्यात नारिंगी श्लेष्मा दिसला की पहिला संशय आयमेरिया मॅक्सिमावर घ्यायचा, हा कॉक्सिडिया गटातला आतड्याचा परजीवी. त्या जागेचं अस्तर सुरीच्या पाठीने खरवडा, काचपट्टीवर थेंबभर सलाइनमध्ये पसरा आणि १०० पट मोठं करून बघा. मॅक्सिमाची अंडी मोठी, पिवळसर, लांबीला सुमारे ३० मायक्रॉन असतात, एकदा पाहिली की चुकत नाहीत. आतड्याच्या पहिल्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा असतील तर अ‍ॅसरव्हुलिना, सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) रक्त असेल तर टेनेला, ही त्याचीच भावंडं. पक्षी मेल्यावर अर्ध्या-एक तासात अस्तर आपोआप सुटायला लागतं, उकाड्यात त्याहून लवकर. म्हणून सकाळी मेलेले सापडलेले पक्षी या कामाचे नाहीत. कळपातले सरासरी वजनाचे पाच पक्षी निवडून ताजे उघडा. फक्त मरतुकडे निवडले तर कळपाचं खरं चित्र दिसत नाही.

कॉक्सिडिया असेल तर पुढची साखळी ठरलेली आहे. परजीवी पेशी फोडतो, रक्तद्रवातली प्रथिनं आतड्यात झिरपतात, अस्तर बचावासाठी जास्त श्लेष्मा सोडतं. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला नेमकं हेच हवं असतं. या जंतूला बरीचशी अमिनो आम्लं स्वतः बनवता येत नाहीत, ती बाहेरून मिळाली की तो साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो. त्यातल्या नेटबी हे विष बनवणाऱ्या जातींमुळे नेक्रोटिक एंटरायटिस होतो: अस्तर खरखरीत, जाड टॉवेलसारखं दिसतं आणि वर तपकिरी-पिवळा पापुद्रा चढतो. तुमच्या वर्णनात तो पापुद्रा नाही. पातळ भिंत, फेस, न पचलेलं खाद्य यावरून हा जंतूंचा समतोल ढळल्याचा टप्पा वाटतो. इथून दुरुस्त करता येतं, पण दिवस फार हातात नाहीत.

आता प्लास्टिक. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. तुम्हाला गिझार्डमध्ये दिसले ते धागे त्याहून मोठे असणार, पण गिझार्ड हे जातंच आहे. खाद्य बारीक होईपर्यंत तिथे अडकून राहतं, त्याच्यासोबत प्लास्टिकही दळलं जातं. म्हणजे पक्षी मोठं प्लास्टिक गिळून स्वतःच्या पोटात मायक्रोप्लास्टिक तयार करतो. मेक्सिकोतल्या परसबागांमधल्या अभ्यासात (२०१७ साली प्रसिद्ध झाला) मातीत ग्रॅमला सरासरी एकाहून कमी कण सापडले, गांडुळांच्या विष्ठेत सुमारे १५ आणि कोंबड्यांच्या विष्ठेत सुमारे १३०. यातून दोन गोष्टी कळतात: कोंबडी प्लास्टिक मोठ्या प्रमाणात वेचते, आणि बरंचसं विष्ठेवाटे बाहेरही टाकते.

आत असताना ते काय करतं? मोठे आणि टोकदार कण श्लेष्माचा थर खरवडतात. काही मायक्रॉनच्या आतले कण पेशींच्या फटींतून किंवा लसिकाभ ठिपक्यांतून (आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या पुंजक्यांतून) अस्तरात शिरू शकतात. कोंबड्यांना पॉलिस्टायरिनचे कण पाजून केलेल्या प्रयोगांत रसांकुर (अन्न शोषणारे अस्तराचे बारीक उंचवटे) आखूड होणं, पेशींना एकमेकींशी घट्ट बांधणारी ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही प्रथिनं घटणं, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढणं आणि जंतूंची वस्ती बदलणं हे सगळं नोंदलं गेलंय. पण तिथल्या मात्रा पाहा: पाण्याच्या लिटरला १, १०, १०० मिलिग्रॅम, आणि तेही एकाच मापाचे गुळगुळीत गोळे. शेडमधल्या पाण्यात एवढं प्लास्टिक नसतं. म्हणून २४व्या दिवशी लिटर ओलं होण्याचं मुख्य कारण म्हणून मी प्लास्टिकचं नाव घेणार नाही. कॉक्सिडिया आणि पाणी ही दोन कारणं तपासून बाजूला पडली, तरच तिकडे वळायचं.

कॉक्सिडिया निघालं तर औषध आणि मात्रा पशुवैद्यकाकडून, वजन आणि विक्रीआधीचे औषधबंद दिवस धरून ठरवून घ्या.

---

लाइन_आणि_निपल

टाकीत २०० आणि शेवटच्या निपलला ४०,०००, हा आकडा या चर्चेतला सगळ्यात मोलाचा आहे. पाणी आत येताना ठीक आहे, ते लाइनमध्ये बिघडतंय. मिलिलिटरला १,००० ही सर्वसाधारण वरची मर्यादा धरतात, कोलिफॉर्म (विष्ठेच्या दूषणाची खूण देणारे जंतू) तर शून्यच हवेत. तुम्ही चाळीसपट वर आहात.

पाइपच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर जमतो. त्यात स्यूडोमोनास, ई. कोलाय, कधी साल्मोनेलाही घर करून राहतात. पहिल्या आठवड्यात पिल्लं पाणी अगदी थोडं पितात, शेड ३२-३३ अंशांवर असते, म्हणजे कोमट पाणी लाइनमध्ये तासन्‌तास उभं. त्यातच आपण ग्लुकोज, जीवनसत्त्वं, इलेक्ट्रोलाइट सोडतो. जंतूंना याहून चांगली सोय कुठली मिळणार? १९व्या दिवशी दिसलेल्या त्रासाची पेरणी पहिल्या सात दिवसांत झालेली असू शकते.

प्लास्टिक आणि जंतू यांचा खरा संबंध मला इथे दिसतो. प्लास्टिकच्या कणावर हाच थर चढतो. झिजलेल्या पाइपचा किंवा जुन्या फिल्टरच्या तंतूचा तुकडा सुटतो तेव्हा तो एकटा जात नाही, अंगावरची वस्ती घेऊन जातो. थरात बसलेल्या जंतूला क्लोरीन सहज पोचत नाही. शिवाय अशा दाटीवाटीत जंतू एकमेकांना प्रतिजैविकांना दाद न देण्याचे गुण देत असतात, तेही मोकळ्या पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात.

शेड रिकामी झाल्यावर करायचं काम असं. आधी लाइनची क्षमता काढा: आतला व्यास २० मिलिमीटर असेल तर मीटरला ०.३१४ लिटर, म्हणजे १०० मीटरच्या एका लाइनला सुमारे ३१ लिटर. चार लाइन असतील तर १२५, अधिक मुख्य पाइप. तेवढं द्रावण एका टाकीत तयार ठेवायचं. पहिल्यांदा जोराने फ्लश करा, दर ३० मीटरला किमान एक मिनिट. मग ३५ ते ५० टक्क्यांचं स्थिर केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला ३० मिली या हिशेबाने भरा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. इथे बऱ्याच जणांचं चुकतं: हे डोसरमधून (पाण्यात औषध ठरावीक प्रमाणात मिसळणाऱ्या यंत्रातून) द्यायला जातात. १:१२८ चा डोसर जास्तीत जास्त ०.८ टक्क्यापर्यंत पोचतो, त्याने थर निघत नाही. वेगळा पंप लावून थेट लाइनमध्येच भरावं लागतं. शेवटच्या टोकाला फेस किंवा मळकट पाणी दिसेपर्यंत भरत राहा आणि निपलखालून झाडू फिरवा, म्हणजे द्रावण निपलच्या आतही उतरेल. २४ ते ७२ तास तसंच ठेवा. हवा जायच्या उभ्या नळ्या उघड्या हव्यात, कारण पेरॉक्साइडमधून वायू सुटतो आणि बंद लाइन फुटते. नंतर स्वच्छ, क्लोरीनयुक्त पाण्याने धुवा. पाणी जड असेल तर क्षारांचा खरखरीत थर वेगळ्या फेरीत, सायट्रिक आम्लाने पीएच ५ च्या खाली नेऊन काढायचा. क्षार राहिले तर त्यांच्या खाचांत पुन्हा बुळबुळ धरते.

पक्षी आत असताना हे तीव्र द्रावण कधीच सोडायचं नाही.

---

शेड_क्रमांक_दोन

दोघांचेही आभार. पण टाकीत क्लोरीन रोज टाकलं जातं, ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३ भाग) हिशेबाने. मग शेवटच्या टोकाला एवढे जंतू कसे? आणि ही बॅच संपायला अजून दोन आठवडे आहेत, तोवर काय करता येईल?

---

लाइन_आणि_निपल

पाण्याचा पीएच किती, हे आधी मोजा. क्लोरीनचं मारक रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच ६.५ ला सुमारे ९० टक्के क्लोरीन या रूपात असतं, ७.५ ला निम्मं, ८.५ ला जेमतेम १० टक्के. पाणी ८.३ चं असेल तर तुम्ही टाकलेलं बरंचसं क्लोरीन फक्त वास देतंय.

दुसरं, टाकीत किती टाकलं याला अर्थ नाही, शेवटच्या निपलला किती उरलं ते बघा. हिशेब बरोबरच असेल: ५ टक्क्यांचं ब्लीच १,००० लिटरला ६० मिली म्हणजे ३ पीपीएम. पण लाइनमधला थर, लोह आणि सेंद्रिय घाण ते वाटेतच खाऊन टाकतात. डीपीडी किटने (रंग बदलून क्लोरीन दाखवणारी चाचणी) मुक्त, म्हणजे अजून काम करू शकणारं क्लोरीन मोजा, टोकाला २ ते ४ पीपीएम हवं. ओआरपी मीटर (पाण्याची जंतू मारायची ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारं) असेल तर ६५० मिलिव्होल्टच्या वर. ब्लीचचा कॅन उन्हात किंवा गरम खोलीत राहिला की त्याचीही ताकद उतरते, मग ५ टक्के हे फक्त लेबलवर राहतं.

पीएच खाली आणायला आम्ल वापराल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आम्ल आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू निघतो आणि माणूस जागेवर कोसळतो. दोन वेगळे डोसर, आम्ल आधी आणि ब्लीच पुढे, मध्ये पाणी मिसळायला पुरेसं अंतर. पीएच ६ ते ६.५ पुरे. फार आंबट पाण्यात यीस्ट आणि बुरशीचा वेगळाच चिकटा वाढतो. क्लोरीन आणि पेरॉक्साइडही सोबत चालवू नका, दोघं एकमेकांना निकामी करतात.

चालू बॅचसाठी: रोज रात्री दिवे बंद व्हायच्या आधी प्रत्येक लाइन फ्लश करा, १०० मीटरला साडेतीन मिनिटांपेक्षा कमी नको. क्लोरीन एकदम वाढवू नका, दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने टोकाला २ पीपीएमपर्यंत आणा. थर सुटायला लागला की त्याचे लोळे निपलमध्ये अडकतात, म्हणून तेवढे दिवस रोज प्रत्येक लाइनचे दहा-पंधरा निपल बोटाने दाबून बघा. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर किमान २४ तास आधी क्लोरीन बंद, आणि लसीच्या पाण्यात स्निग्धांश काढलेली दूध पावडर लिटरला २.५ ग्रॅम.

फिल्टरचं एक राहिलं. आधी ५० किंवा २० मायक्रॉन, मग ५ मायक्रॉन अशी जोडी बसवली तर त्याहून मोठे कण अडतात, प्लास्टिकचेही. पण कार्ट्रिज बहुधा पॉलिप्रोपिलिनचंच असतं. वेळेवर बदललं नाही तर ते स्वतः तंतू सोडतं आणि जंतूंचं कोठार होतं. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक लावा, फरक अर्धा बार झाला की बदला.

---

सूक्ष्म_चाळणी

विकृती_टेबल यांच्या क्रमाशी सहमत आहे. पण प्लास्टिक बाजूला ठेवताना ते मोजून ठेवा, डोळ्यांना दिसलं तेवढंच धरू नका. साध्या प्रयोगशाळेतही अंदाज येण्याइतपत काम होतं.

नमुने काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या. खाद्य १०० ग्रॅम पोत्यातून, १०० ग्रॅम भांड्यातून आणि ताजी विष्ठा १० ग्रॅम, लिटर न लागलेली. पोत्यातलं आणि भांड्यातलं खाद्य वेगवेगळं मोजलं की प्लास्टिक मिलमधून येतंय की शेडमध्ये मिसळतंय, हे कळतं. पाणी १० लिटर, टाकीपासून आणि टोकापासून वेगळं, २५ मायक्रॉनच्या स्टील जाळीतून गाळून.

विष्ठा ६० अंशांवर वाळवा, दहापट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ४० अंशांवर ४८ तास ठेवा. तापमान वाढवून घाई करू नका, गरम अल्कलीत पॉलिएस्टर विरघळायला लागतं आणि आकडा खोटा कमी येतो. अल्कलीने प्रथिनं आणि चरबी जाते, पण कोंडा आणि तुसाचं सेल्युलोज तसंच राहतं. खाद्याच्या नमुन्यात खरी अडचण तीच. त्यासाठी नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडची फेरी द्यावी लागते.

मग मिठाचं संपृक्त पाणी, लिटरला सुमारे ३६० ग्रॅम मीठ, घनता १.२. पॉलिप्रोपिलिन (०.९०), पॉलिइथिलिन (०.९१ ते ०.९७) आणि पॉलिस्टायरिन (१.०५) वर तरंगतात. म्हणजे पोती, पडदे आणि फोम सापडतात. पीव्हीसी आणि पीईटी साधारण १.३८ ची, ती तळाशी जातात. पीव्हीसी पाइपची झीज शोधत असाल तर मीठ-पाणी तुम्हाला शून्य दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. त्याला झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. ते त्वचेला आणि डोळ्यांना घातक असल्याने सरावाच्या हातांनीच वापरावं.

तरंगलेलं गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. संशयित तंतूला तापलेली सुई टेकवा: प्लास्टिक वितळतं किंवा गोळा होतं, पिसाचा तुकडा करपतो. नाइल रेडने रंगवलं तर बारीक कण चमकतात, पण चरबीही चमकते. त्यामुळे खाद्यात नुसत्या नाइल रेडवर आकडा देऊ नये. प्लास्टिकचं खात्रीचं नाव हवं असेल तर एफटीआयआर (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र), साधारण १०-२० मायक्रॉनपर्यंत. त्याहून बारीक, १ मायक्रॉनच्या आसपास, रामन (लेझरने ओळखणारं यंत्र).

प्रत्येक फेरीत तीन कोरे नमुने चालवा: तीच भांडी, तीच रसायनं, फक्त विष्ठा नाही. हवेतून आणि कपड्यांतून एवढे तंतू पडतात की कोऱ्या नमुन्याशिवायचा आकडा कामाचा नसतो. गडद रंगाचा सुती कोट घाला, त्याचे तंतू रंगावरून ओळखून वगळता येतात.

---

खाद्य_गोदाम

पोत्याच्या धाग्यांबद्दल. गिझार्डमध्ये निळे-पांढरे तंतू म्हणजे पोतं सुरीने कापलं जातंय. विणलेल्या पट्ट्या आडव्या कापल्या की प्रत्येक काप दोन-चार तंतू मोकळे करतो आणि ते सरळ खाद्यात पडतात. पोत्याची शिलाई साखळी टाक्याची असते. बरोबर टोक धरून ओढलं तर पूर्ण दोरा एका झटक्यात निघतो. तो दोरा जमिनीवर नाही, झाकणाच्या डब्यात. कोंबडीला लोंबणारी, हलणारी बारीक वस्तू किड्यासारखी दिसते, ती टोचणारच.

उन्हात पडलेली पोती पुन्हा भरायला वापरू नका. अतिनील किरणांनी पॉलिप्रोपिलिन ठिसूळ होतं, बोटाने घासलं तरी भुकटी पडते. शिवाय रिकामं पोतं दुसऱ्या शेडमधून आलं असेल तर त्याच्या धुळीतून साल्मोनेलाही येतो, कोरड्या धुळीत तो आठवडेच्या आठवडे टिकतो. प्लास्टिक आणि जंतू हातात हात घालून येतात म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे.

खाद्य वाहणारा ऑगर पाहिला का? पोलादी स्प्रिंग पीव्हीसी नळीत फिरतो आणि वळणावर बाहेरची बाजू झिजवतो. वळणाच्या खालच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसली किंवा नळी बोटाने दाबली जात असेल तर बदलायची वेळ झालीय. रिकामा ऑगर चालू राहिला की झीज जास्त. हॉपरमध्ये खाद्य संपल्याची खूण मिळताच मोटर बंद होईल अशी सोय हवी.

कच्च्या मालात फिशमील आणि बेकरीचा टाकाऊ माल, दोन्हींकडे लक्ष ठेवा. पहिल्यात समुद्रातलं प्लास्टिक येतं, दुसऱ्यात वेष्टनाचे तुकडे. फिशमीलचं प्रमाण जास्त झालं तर न पचलेली प्रथिनं खाली उतरतात आणि क्लोस्ट्रिडियमला आयती मिळतात. त्यामुळे तुमच्या स्थितीत फिशमील कमी करणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं. गहू किंवा बार्ली जास्त असेल तर झायलानेज आणि ग्लुकानेज (धान्यातले तंतू फोडणारी विकरं) घातलंय का, ते फॉर्म्युला देणाऱ्याला विचारा. त्यातल्या चिकट तंतूंमुळेही विष्ठा अशीच होते.

टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवायला खाद्यात घालतात ती माती) मायक्रोप्लास्टिक ओढून घेतं असं कोणी सांगितलं तर त्यासाठी मात्रा वाढवू नका. ती माती अफ्लाटॉक्सिनसाठी (बुरशीच्या विषासाठी) असते, जास्त झाली तर काही पोषकद्रव्यंही धरून ठेवते.

---

विकृती_टेबल

खाद्य_गोदाम यांच्या पोस्टला एक जोड. शेडच्या भिंतीत किंवा छतात थर्मोकोलसारखा फोम उघडा आहे का बघा. कोंबड्या तो आवडीने टोचून खातात. आणि लिटरमधला काळा भुंगेरा, अल्फिटोबियस, कोष करायला त्याच फोममध्ये बोगदे पाडतो. खाली दाण्यांचा चुरा पडतो, तो पक्षी खातात, भुंगेरे आणि अळ्याही खातात. या भुंगेऱ्यांच्या अंगावर आणि पोटात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही असू शकतात आणि ते बॅच बदलली तरी फोममध्ये टिकून राहतात. शेड रिकामी झाल्यावर गारठायच्या आत, भुंगेरे भिंतीत चढण्यापूर्वीच कीटकनाशक मारावं लागतं. फोम पत्र्याने किंवा सिमेंटच्या लेपाने झाकला तर प्लास्टिक आणि जंतू दोन्ही वाटा बंद होतात.

प्रोबायोटिकबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ साली दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू एक-दोन दिवसांच्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला तिथे बसू शकत नाही. जागा आधी कोणी धरली, यावर सगळं अवलंबून. म्हणून प्रोबायोटिकचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत, २४व्या दिवशी तो फक्त आधार. पाण्यातून देणार असाल तर तेवढे तास क्लोरीन बंद ठेवावं लागेल आणि नंतर लगेच लाइन फ्लश करावी लागेल. तुमच्या लाइनची आजची अवस्था बघता मी ते पाण्यातून देणार नाही. खाद्यातून बॅसिलसचे बीजाणू द्या, पेलेटच्या ८०-८५ अंशांतही ते टिकतात, लॅक्टोबॅसिलस टिकत नाहीत.

---

शेड_क्रमांक_दोन

खरवडून पाहिलं: पाचपैकी तीन पक्ष्यांत मॅक्सिमाची अंडी आहेत. पाण्याचा पीएच ८.२, टोकाला मुक्त क्लोरीन ०.२. पशुवैद्यकांना बोलावलंय. तोवर निपलखालचं ओलं लिटर काढून कोरडा तूस टाकावा का? आणि निपलचा दाब?

---

लाइन_आणि_निपल

०.२ म्हणजे वाटेत जवळजवळ सगळं संपतंय. आजपासून रात्रीचं फ्लशिंग सुरू करा.

गोळा होणारं लिटर काढा, शेडबाहेर न्या, नुसतं उलटू नका. उलटलं की खालची ओल आणि कॉक्सिडियाची अंडी दोन्ही वर येतात, आणि अमोनिया वेगळाच. नवीन तूस कोरडा हवा, प्लास्टिक लेपाच्या कागदाचा चुरा किंवा प्लायवुडचा भुस्सा नको. लिटरची ओल २० ते २५ टक्क्यांत आली की मुठीतून सोडल्यावर ते सैल पसरतं. दाब पाण्याच्या स्तंभात निपल बनवणाऱ्याच्या तक्त्यानुसार वयाप्रमाणे ठेवा. उंची अशी की पक्ष्याला मान ताणून, पाय न उचलता पिता यावं. दाब जास्त असेल तर औषध देऊनही निपलखालचा पट्टा ओलाच राहील, आणि मॅक्सिमाच्या अंड्यांना पिकायला ओलच लागते.

औषध पाण्यातून असेल तर ते सुरू करण्याआधी एकदा पूर्ण फ्लश करा आणि त्या काळात क्लोरीन चालू ठेवायचं की बंद, हे त्या औषधाच्या लेबलवरून पाहून घ्या. संपल्यावर पुन्हा फ्लश. चौथ्या दिवशी टोकाचं पाणी परत तपासायला पाठवा, त्याच निपलचं.